मुनीर सरांची मधली डबी

मुनीर सरांच्या घरी गेलं की ते आधी पंखा बंद करतात. नांदेडात, भर मे महिन्यात! आपण घामानं निथळत बसलेलो, तेवढ्यात ते आत जाऊन फ्रिजचंही बटण बंद करून येतात. का, तर म्हणे फ्रिज गुणगुणतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्यांनी दिवाळीतच काढून ठेवलाय. त्या घरात कायम सव्वाचार वाजलेले असतात.

"हां, अब पैले सुनो, फिर बोलो," असं म्हणून ते आपल्यासमोर खुर्ची ओढून बसतात. आणि आपण मुकाट ऐकायचं.

माझं कपड्याचं दुकान आणि सरांचं घर समोरासमोर. सर चित्रकलेचे मास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बेगम, म्हणजे आमच्या भाभी, लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेल्या त्या नातवात रमल्या. नातू आता शाळेत जातो, तरी भाभी काही परत यायचं नाव घेत नाहीत. सर अधूनमधून लातूरला जातात आणि दुसऱ्याच दिवशी परत येतात. "तिथं सगळे टीव्ही बघून राहिले, मी काय करू? मी त्यांच्याकडं बघून राहिलो," असं सांगतात.

तर या माणसाला दिवाळीच्या सुमारास डॅक घ्यायचं खूळ लागलं. डॅक म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं, पण आता नको तितकं माहीत झालंय. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा आवाज करून स्पीकरकडं पाठवणारी ही एक डबी. वायरीनं लॅपटॉपला जोडायची, की झालं.

"पण सर, लॅपटॉपात ते असतंच की! नाहीतर आत्ता वाजतंय काय?" मी विचारलं.

"हाय ना. पर ती फुकटात आलेली हाय. फुकटातला आवाज पडद्याआडून येतो, अशोकभाई. मला पडदा काढायचाय."

डबी किती किमतीची घ्यायची, हे मात्र त्यांचं आधीच ठरलेलं. "सस्ती घेतली तर कान रुसतात, महाग घेतली तर बेगम रुसते. मधली घ्यायची." सरांचं सगळंच मधलं. केळीच्या फणीतलं मधलं केळ. एसटीत मधली सीट, कारण पुढं बसलं तर डायवर बोलतो अन् मागं बसलं तर पाठ बोलते. हॉटेलात गेले की मेन्यूकार्डाच्या मधोमध बोट ठेवतात आणि येईल ते खातात. एकदा नुसतं रायतं आलं, तेही गुमान खाल्लं.

पण मधल्या किमतीच्या डब्या बाजारात ढीगभर निघाल्या. मग सर एकेक मागवू लागले. परत पाठवायची मुदत संपायच्या आत ऐकायची, नाही पटली तर परत. आणि पटली की नाही हे ठरवायला ऐतवारी सकाळी पंच बसवायचे. पंच कोण? एक मी, ज्याला भजनातला टाळसुद्धा धड वाजवता येत नाही. दुसरे अर्धापूरचे बालाजीराव. त्यांची केळीची बाग आहे, सरांचे जुने विद्यार्थी आणि घोरण्यात पटाईत.

रेकॉर्डिंग दरवेळी तेच, सारंगीचं. ते संपलं की सर पुढं झुकून विचारायचे, "सारंगीवाल्यानं मधी श्वास घेतला, तो ऐकू आला का?"

"घेतला असंल की," बालाजीराव डोळे चोळत म्हणायचे. "न्हाई तर मेला असता बिचारा."

पहिली डबी आली त्या दिवशी बालाजीरावांनी चहाचा कप तिच्यावरच ठेवला. काळ्या झाकणावर पांढरा गोल डाग उठला. सर असे भडकले की विचारू नका. "अब ये वापस कैसे करूँ?" मीही उगाच शहाणपणा केला. म्हणालो, "सर, परतच करा. आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे." त्यानंतर आलेल्या डबीला मी 'गोड' म्हटलं, तिच्या पुढचीला 'कोरडी'. एका डबीत तर मला 'खोली' ऐकू आली. आता खोली म्हणजे नेमकं काय, देव जाणे! पण बोलायला लागलं की माणूस वाहवत जातो.

फाल्गुनात एक डबी आम्हा दोघांनाही पसंत पडली. मी टाळी देऊन म्हटलं, "सुटलो!" सरांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "घाई न्हाई." दोन दिवसांनी दुकानात येऊन सांगून गेले, की तिच्यात बारीक खरखर निघाली, परत पाठवली. माझं टाळकंच सरकलं. अहो, ऐतवारी सकाळी माझ्या दुकानात गिऱ्हाईक असतं! मी बालाजीरावांना फोन लावला आणि आमचं ठरलं. आता येईल त्या डबीला डोळे झाकून 'हो' म्हणायचं आणि या जाचातून मोकळं व्हायचं. पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही.

पुढच्या डबीचा ऐतवार उजाडला. पंखा बंद, फ्रिज बंद. टेबलावर भाभींनी भरतकाम केलेला टेबलक्लॉथ, पार जमिनीपर्यंत लोंबणारा. त्यावर नवी चंदेरी डबी, निळा दिवा लागलेला. सारंगी सुरू झाली. माझ्या हातातलं बिस्कीट घामानं निसटलं आणि टेबलाखाली गेलं. मी वाकलो, टेबलक्लॉथ वर केला.

खाली एक काळी डबी होती. झाकणावर कपाचा पांढरा गोल डाग. लॅपटॉपची वायर तिच्यात गेलेली, तिच्यातून स्पीकरकडं. वरच्या चंदेरी डबीची वायर नुसती मोबाइलच्या चार्जरला लावलेली, दिवा लागावा एवढ्यापुरती.

म्हणजे दिवाळीपासून ही एकच डबी वाजत होती! गोड तीच, कोरडी तीच, खोलीही तिच्यातच. सरांनी पहिल्याच दिवशी ती ठेवून घेतली होती. आम्हाला मूर्ख बनवतोय होय हा म्हातारा! बालाजीरावांसमोरच पंचनामा करायचा, म्हणून मी ताडकन वर आलो.

आणि सरांकडं बघितलं. सर सारंगी ऐकतच नव्हते. डुलक्या घेणाऱ्या बालाजीरावांकडं, माझ्या रिकाम्या कपाकडं, भरलेल्या खुर्च्यांकडं बघत बसले होते. इतके खुशीत, की माझा राग जागीच विरला. मला फार वाईट वाटलं. समोर दुकान असून मी या माणसाकडं डबीशिवाय कधी गेलो होतो?

सारंगी थांबली. बालाजीराव दचकून उठले आणि ठरल्याप्रमाणं ओरडले, "झकास! हीच घ्या, सर!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मग... झालं म्हणायचं, अशोकभाई?"

"झालं कसं?" मी म्हणालो. "हे तर झोपले होते. सर, पडदा हाय अजून. दुसरी मागवा."

"आँ?" बालाजीराव माझ्याकडं बघतच राहिले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"घाई न्हाई," सर म्हणाले. "तो फिर अगले ऐतवार. जरा लवकर या, नाश्ता करू."

"येतो. पण पंखा चालू ठेवायचा."

"मग ऐकू कसं येईल?"

"येईल की. आजवर आलंच ना!"

सरांची नजर टेबलाखाली गेली. मग वाकून त्यांनी टेबलक्लॉथचं वर राहिलेलं टोक नीट खाली ओढलं, उठले आणि पंखा लावला.