रिकाम्या डब्याचं दळण

जाधवअण्णांनी माझं पोट मोजलं तेव्हा आमची अजून धड ओळखही झाली नव्हती. चिंचवडच्या कामगार वसाहतीत मी बिऱ्हाड हलवत होतो. डोक्यावर ट्रंक आणि ती सावरायला दोन्ही हात वर. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून जाड मिशांचा एक माणूस खिशातून सुतळी काढत बाहेर आला. त्यानं ती माझ्या पोटाभोवती फिरवली, टोकं जुळली तिथं गाठ मारली, दोन पावलं मागं सरकून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "रीवर्क."

ट्रंक डोक्यावर असल्यामुळे मला भांडताही आलं नाही.

"घाबरायचं काम न्हाई राव," तो म्हणाला. "रिजेक्ट न्हाई म्हनलो. रीवर्क हाय. हुईल दुरुस्त."

दुसऱ्या दिवशी कंपनीत हजर झालो तेव्हा या भाषेचा उलगडा झाला. मी स्टोअर्सला लागलो होतो आणि अण्णा फायनल इन्स्पेक्शनला. तयार माल ट्रेमधून त्यांच्या टेबलावर यायचा. ते एकेक नग गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायचे. चांगला निघाला तर हिरवा ठिपका, सुधारण्यासारखा असला तर पिवळा आणि कामातून गेला असेल तर लाल. बरीच वर्षं हेच केल्यामुळे समोर माणूस आला तरी तो ट्रेमधूनच आलाय असं त्यांना वाटायचं. माझ्यावर पिवळा ठिपका पडला होता एवढंच.

त्यांच्या ओट्यावर खिळ्यांची एक रांग होती आणि त्या खिळ्यांना आम्हा सगळ्या शेजाऱ्यांची पोटं टांगलेली असत. प्रत्येकाची सुतळी वेगळी, सुतळीवर गाठी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीला, नवं माप निघायचं. पाहुणे यायचे आणि कौतुकानं विचारायचे, "हे काय हो, तोरण का?" मग अण्णा माझी सुतळी बोटानं उचलून दाखवत. आमच्या सासऱ्यांनाही दाखवली होती.

कँटीनमध्ये त्यांचा धाक कामगार अधिकाऱ्यापेक्षा जास्त होता. डबा उघडला की मागं अण्णा उभे. शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी दिसली की मान डोलवायचे. पलीकडच्या खोलीतले बनसोडे फाउंड्रीत होते. भट्टीसमोर राबणारा माणूस, त्यांना भज्यांशिवाय घास उतरत नसे. एकदा त्यांनी भजी भाकरीखाली दडवली. अण्णांनी दोन बोटांनी भाकरी उचलली.

"राव, खराब माल ट्रेच्या तळालाच दडवत्यात," ते म्हणाले. "आमी खालचा थर आदी बगतो."

"अण्णा, माझं पोट माझ्या मालकीचं हाय का न्हाई?" बनसोडे कळवळून म्हणाले.

"हाय की. पर ते घेऊन तू पडला तर उचलायला आमीच येनार."

एवढं सगळं करणाऱ्या माणसाच्या घरात मात्र त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. त्यांच्या पत्नी सरूवहिनी अघळपघळ, हसऱ्या आणि हाताला विलक्षण चव असलेल्या. "तुमच्या अण्णांना म्हनावं, मला सुतळी लावून दाखवा," असं त्या म्हणायच्या आणि अण्णा ऐकू न आल्यासारखं मिशीला पीळ द्यायचे. खिळ्यांच्या रांगेत वहिनींची सुतळी नव्हती.

त्यातच वहिनींच्या पायाला साधी ठेच लागली आणि ती जखम काही केल्या भरेना. दवाखान्यात साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंना रोज चालवा, नाहीतर हा पाय एक दिवस दगा देईल. त्या संध्याकाळी अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले. कुणाचंही पोट मोजलं नाही. चहा दिला तो तसाच निवला.

जखम भरली, पण वहिनी चालायला तयार होईनात. कारण आळस हे नव्हतं. "बायामानसानं काम नसताना रस्त्यानं हिंडायचं?" त्या म्हणायच्या. "लोक इचारतील कुठं निघालीस, तर काय सांगू? साखर उतरवाय निघाले म्हनून?" पाण्याला जाणं, बाजाराला जाणं, देवाला जाणं ही जाणी झाली. नुसतं जाऊन नुसतं परत येणं हे त्यांना वेडेपणाचं वाटे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तसं वाटे.

अण्णांनी नाना उपाय केले. जवळचा दूधवाला पाणी घालतो म्हणून लांबचा गोठा शोधला. वहिनींनी त्या गोठ्यातल्या पोरालाच दूध घरपोच आणायला लावलं. शेवटी एक दिवस वहिनी कंटाळून म्हणाल्या, "बरं, येते. पर हातात दळनाचा डबा घेऊन येनार. डबा असला की कोन काय इचारत न्हाई. आन एकटी न्हाई येनार. समद्या येत असतील तर."

अण्णांना एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सगळ्या दारांवर थाप मारली. मला, बनसोडेंना आणि आणखी चारपाच जणांना बाहेर काढलं. माझ्या बायकोनं, सुमननं, स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा पालथा करून पीठ परातीत काढलं आणि रिकामा डबा काखेत मारला. तिचं बघून बनसोडेवहिनी निघाल्या. पुढं हात हलवत पुरुष, त्यांच्याही पुढं अण्णा, आणि मागं बरंच अंतर ठेवून काखेत रिकामे डबे घेतलेल्या बायका, अशी आमची वरात पवनेच्या पुलापर्यंत जाऊन परत यायची. अण्णा कधी मागं वळून बघत नसत. चारचौघांत बायकोकडे बघणं त्यांच्या चऱ्होलीच्या घराण्यात बसत नव्हतं.

पहिले काही दिवस आम्ही जोरात होतो. मग कुणाची पोटरी धरली, कुणाची रात्रपाळी आली, कुणाला नुसतीच झोप आली. दुसऱ्या पाळीहून येऊन अण्णांचा जेमतेम डोळा लागलेला असला तरी ते दारात हजर. "पयल्या दिवशी कुनीबी येतं राव," ते म्हणायचे. "अंग दुखायला लागल्यावर येतो तो मानूस." मी पांघरुणातूनच सांगायचो, की मी माणूस नाही. मग ते दार सोडून खिडकीशी यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "तुमी न्हाई आला तर सुमनताई येनार न्हाईत. त्या न्हाई आल्या तर ही येनार न्हाई." एवढं ऐकलं की मला निमूटपणे चपला शोधाव्या लागत. खुद्द बनसोडेही कुरकुरत का होईना, येत होते.

गोंधळ केला तो गिरणीवाल्यानं. रोज उजाडायच्या आत एवढ्या बायका डबे घेऊन दारावरून जातात आणि आपली गिरणी बंद बघून पुढं दुसरीकडे दळायला जातात, अशी त्याची समजूत झाली. बिचारा एक दिवस पहाटेच उठला, गिरणी झाडली, पट्टा चढवला आणि वरात दिसताच हात जोडून रस्त्यात आडवा आला. "वहिनी, आजपासनं लवकर उघडनार. पर परक्याकडं जाऊ नका." त्यानं अदबीनं वहिनींचा डबा हातात घेतला. तो हलका लागला म्हणून दुसरीचा घेतला, मग तिसरीचा. मग आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

"समद्यांचं दळान संपलं व्हय?" त्यानं विचारलं.

वहिनी हसतहसत रस्त्यातच बसल्या. आम्ही चुकवाचुकवी करत होतो तेव्हा त्यांनीच उठून खरं ते सांगितलं. गिरणीवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग येताना तरी दळून न्या की." तेव्हापासून बायका गुरुवारी खरंच दाणे न्यायला लागल्या. वहिनींचा डबा मात्र घरी अण्णाच भरून द्यायचे आणि तेच रिकामा करायचे, झाकणाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

पावसाळा ओसरला तसं वहिनींच्या चालण्यात हलकेपण आलं. डॉक्टरही खूश होते. घरात गूळ औषधालाही सापडत नव्हता. वहिनींनी तांदळात पुरलेली ढेप अण्णांनी, अर्थातच तळ आधी बघून, शोधून काढली होती.

आणि एका सकाळी पुलाच्या तोंडाशी सुमनची हाक आली. वहिनी कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या. दरदरून घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. अण्णा सगळ्यांच्या पुढं होते, तिथून पळत आले. टोपी वाटेत पडली. त्यांनी वहिनींच्या काखेतला डबा ओढून घेतला आणि झाकण उघडू लागले. केसाएवढी चूक हातानं ओळखणारा तो माणूस, त्याला एक झाकण उघडेना. बनसोडेंनी डबा हिसकून झाकण उपटलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तारेनं घट्ट बांधलेली कापडाची पुरचुंडी होती. अण्णांनी ती दातांनी तोडली. आत गुळाचा खडा होता.

"सरू, चघळ. चघळ बाय," असं म्हणत ते भर रस्त्यात बसले, वहिनींचं डोकं छातीशी धरलं आणि त्यांच्या तोंडात गूळ घालू लागले. मधूनच स्वतःशी पुटपुटत होते, "रीवर्क हाय, काय न्हाई, रीवर्क हाय." कुणाला सांगत होते कोण जाणे. आम्ही भोवती नुसते उभे होतो. मला फार भीती वाटली.

हळूहळू वहिनींच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी तोंडातला गूळ ह्या गालातून त्या गालात नेला.

"ह्यो गूळ डब्यात कवापासनं हाय?"

"पयल्या दिवसापासनं. डाक्टर म्हनले, गोळ्या चालू हायती, कवा साखर एकदम उतरंल, गोड जवळ ठेवा."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर पुलाच्या अलीकडंच संपला असता."

आम्ही सगळे हसलो, वहिनीही हसल्या. अण्णा हसले नाहीत. ते सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी निम्मी केली. चालणं मात्र चालूच ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे थाप पडली नाही. आम्ही आपणच बाहेर आलो. आतून वहिनींचा आवाज येत होता. त्या येणार नव्हत्या. नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून रस्त्यात बसलेलं अख्ख्या गावानं बघितलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ, असं त्यांचं म्हणणं. इतक्या महिन्यांची मेहनत गेली असंच मला वाटलं.

मग अण्णा बाहेर आले. त्यांच्या काखेत दळणाचा डबा होता. त्या काळात आमच्याकडे पुरुषानं तो डबा काखेत मारून चारचौघांत उभं राहणं म्हणजे काय, हे आज सांगून पटायचं नाही. बनसोडे तर पान खायचे थांबले. अण्णा पायरीशी उभे राहिले. तिथून हलेनात. शेवटी वहिनीच बाहेर आल्या. "अवो, लाज हाय का? आना तो डबा हिकडं."

अण्णांनी डबा दिला नाही आणि चालू लागले. डबा घ्यायला वहिनी मागं आल्या, पण अण्णा आज पुढं नव्हते, वहिनींच्या बरोबरीनं होते.

गिरणीवाला दारात दात घासत होता. "अण्णा, आता तुमी दळान आनाय लागला व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "हिचा हात मोकळा लागतो."

तो मोकळा हात त्यांनी आपल्या हातात धरला होता. आम्ही सगळे त्या दोघांच्या मागून त्यांच्या चालीनं चाललो. पुलापर्यंत जाऊन यायला फार वेळ लागला आणि पहिल्या पाळीची बस चुकली. कुणी कुरकुर केली नाही, बनसोडेंनीसुद्धा नाही.