नवऱ्याची छाप

साहेबांवर जरा छाप पाडायची, एवढंच हेडक्लार्कनी ठरवलं होतं. बढतीची फाईल साहेबांच्या टेबलावर होती आणि बायकोच्या छापचित्रांचं पहिलंवहिलं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मग उद्घाटनाला साहेबांनाच का बोलावू नये? (त्यांचं डोकं एकदा चालायला लागलं की भलतीकडेच चालायचं.) साहेब चक्क हो म्हणाले.

संध्याकाळी हॉलमध्ये शेवटचं चित्र टांगून झाल्यावर बायको सहज म्हणाली, "अहो, बघितलंत का? हे तुम्हीच आहात. पार उघडं पाडलंय मी तुम्हाला."

हेडक्लार्कच्या हातातली हातोडी पायावर पडली. दुखलं ते त्यांना नंतर कळलं.

"उघडं? म्हणजे... उघडं?"

"अगदी! काही म्हणजे काही झाकून ठेवलं नाही. शरीर हे नुसतं प्रतीक असतं हो. त्यातून माणूस कळला पाहिजे."

एवढं बोलून ती चित्रांच्या नावांच्या पट्ट्या आणायला आत गेली.

हेडक्लार्कनी धीर करून वर पाहिलं. दोन मोठाले गुबगुबीत गोल आणि मधोमध एक उभी रेघ. बाकी नुसते फराटे. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. इतक्या वर्षांच्या संसाराचे असे पांग फेडावेत बाईनं? आता साहेब येणार, बरोबर बाईसाहेब येणार आणि दारातच हे! तेही पाठमोरं!

कोपऱ्यातल्या टेबलावर, छपाई कशी करतात ते लोकांना दाखवायला, काळ्या शाईचा डबा ठेवला होता. चित्राला काच नव्हती. हेडक्लार्कनी इकडेतिकडे पाहिलं, डब्यात बोटं बुडवली आणि त्या दोन गोलांना ऐसपैस चड्डी चढवली. नाडीसकट. (नाडी मागच्या बाजूला नसते, हे गडबडीत राहूनच गेलं.)

तेवढ्यात साहेब आले. हेडक्लार्क धावले, त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरला आणि साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर काळी बोटं उमटली. छाप पडली ती अशी.

मागून बायकोची किंकाळी आली. "हे कोणी केलं?"

"मी. अगं, चारचौघांत ते... मागचं..."

"मागचं? अहो, गाल आहेत ते तुमचे!"

"गाल?"

"फुगवलेले! मधे नाक! जरा काही झालं की रुसून बसता ना, त्याचं प्रतीक आहे ते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं पहिलं प्रदर्शन होतं हो."

हेडक्लार्कना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोही गेली, बढतीही गेली, असं त्यांनी धरूनच टाकलं.

साहेब चित्राजवळ गेले. बायकोच्या हातातली पट्टी त्यांनी वाचली: 'नवऱ्याचा चेहरा'. मग चड्डी पाहिली, मग हेडक्लार्क. आणि ऑफिसात ज्यांना कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते साहेब पोट धरधरून हसायला लागले.

"बाई, हे चित्र मी घेतलं," डोळे पुसत ते म्हणाले. "चड्डीला मात्र हात लावू नका."

बढती झाली. केबिनही मिळाली. खुर्चीच्या बरोब्बर मागे साहेबांनी स्वतः उभं राहून ते चित्र लावून घेतलं, खाली पट्टीसकट. कामाला येणारा माणूस आधी भिंतीकडे बघतो, मग खुर्चीतल्या हेडक्लार्कच्या रागानं फुगलेल्या गालांकडे बघतो आणि न राहवून म्हणतो,

"हुबेहूब!"