लीन नाना

एखादं चांगलं काम हाती घेतलं की तुम्ही आधी काय ठरवता, त्यात काय घालायचं की त्यातून काय काढायचं? खरं सांगा. मी तरी कायम घालतच आलो. काढायला मला आमच्या वासुदेवनानांनी शिकवलं, आणि तेही मला न विचारता.

नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं. एक बुटकी पेन्सिल असते आणि खोडरबर. दुसऱ्यांचं छापील पेन्सिलीने खोडायचं, स्वतःचं लिहिलेलं रबराने. माझ्या मावसभावाच्या लग्नपत्रिकेवर चौदा निमंत्रक होते. नानांनी माझ्यासमोर तेरांवर रेघ मारली. "जेवायला बोलवायला एक माणूस पुरतो, भो."

नाना मूळचे रावेरकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. सारी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये मीटरच्या काट्यांकडे बघत काढली. निवृत्त झाल्यावर धुळ्यात आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. मी शेजारधर्म म्हणून त्यांना एक पत्रक नेऊन दिलं. आमच्या घरात पेढ्यांऐवजी पत्रक देतात. वडील चळवळीतले, पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे, आणि मी अक्षरं गिरवायला शिकलो ती 'बंधू-भगिनींनो'पासून. हे पत्रक माझं स्वतःचं होतं. अहिराणी ही मागासलेली बोली नसून आमची आई आहे, तिला शाळेत आणि कचेरीत मान मिळालाच पाहिजे, असा विषय. नानांनी उभ्या उभ्या वाचलं आणि पेन्सिल काढली.

"'जागे व्हा' तीनदा आहे," ते म्हणाले. "सभा कुठे आहे, ते एकदाही नाही."

मी कागद परत घेऊन पाहिला. खरंच नव्हतं. त्या सभेला आम्ही सात जण होतो आणि सातही जण पत्रकं वाटणारे.

पोटासाठी मी मोबाईलची अ‍ॅप बनवतो. तेव्हा मी एक मोठं काम काढलं होतं. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं आरोग्य केंद्रापर्यंत चालत येतात आणि डॉक्टर नाहीत म्हणून चालत परत जातात. एकाच डॉक्टरांकडे दोन केंद्रं. आज ते इथे की तिथे, हे कुणालाच ठाऊक नसतं. माझं रक्त तापलं. मी अ‍ॅपचा आराखडा केला. त्यात आरोग्याचे हक्क होते, तक्रार अर्ज होते, निवेदनांचे नमुने, चर्चा, चळवळीचा इतिहास. एकूण बावीस पडदे, म्हणजे स्क्रीन. नानांना दाखवला, तेव्हा त्यांनी पेन्सिल खिशातून काढलीसुद्धा नाही.

"लीन करा," म्हणाले.

दीपनगरला त्यांच्या एका प्रशिक्षणात कुणी तरुण सर 'लीन प्लॅनिंग' शिकवून गेले होते. मी समजावलं, "नाना, तो इंग्रजी शब्द आहे. लीन म्हणजे सडपातळ. धंद्याच्या योजनेत फापटपसारा नको, एवढाच अर्थ."

"मंग त्या सरांना अर्धंच कळलं होतं. लीन म्हणजे लीन. ज्याच्यासाठी करायचं, त्याच्यासमोर खाली बसायचं आन विचारायचं. तुम्ही बावीस मजल्यांवर चढून बसलात. तिथून तो काय बोलतो, ऐकू येईल का?"

मग त्यांनी एक कोरं पान घेऊन चार चौकोन आखले. कुणाचं अडलंय? काय अडलंय? कमीत कमी काय दिलं तर सुटेल? चौथ्या चौकोनात लिहिलं, 'आपण चुकलो, हे कसं कळेल?' हे चौथं म्हणजे त्यांचा मंत्रच. भाजीवालीकडे वांगी घेतानाही ते मान हलवून स्वतःशी पुटपुटतात, "चुकलो, हे कसं कळेल?"

पान भरायला आम्ही साक्रीच्या बाजाराला गेलो. मी चार माणसं जमवून आरोग्याच्या हक्कावर बोलायला लागलो, दोन उरली. नाना मिरच्या विकणाऱ्या बाईच्या गोणपाटापाशी खरोखरच जमिनीवर बसले होते. 'असं अ‍ॅप दिलं तर वापराल का,' असं त्यांनी एकालाही विचारलं नाही. "उद्याबद्दल माणसं आपलं मन राखायला हो म्हणतात," हे त्यांचं मत. ते एवढंच विचारत, "मागच्या खेपेला दवाखान्यात गेला होता, तेव्हा काय झालं?" आणि मग गप्प बसत. संध्याकाळपर्यंत पानावर एकच वाक्य उरलं: निघायच्या आधी कळायला हवं, डॉक्टर आहेत की नाहीत.

बावीस पडद्यांचा एक झाला. केंद्रातल्या आशाताईंनी सकाळी एक बटण दाबायचं, पाड्यावर ज्याच्याकडे मोबाईल असेल त्याला उत्तर दिसायचं. मी मनातून खट्टू होतो, पण बनवलं. प्रश्न लिहिला, 'डॉक्टर आहेत का?' बटणं ठेवली दोन, 'येस' आणि 'नो'. देवनागरीत ठेवली, याचाही मला अभिमान होता.

पहिला आठवडा रोज 'येस' आलं. मी विजयाचं पत्रक लिहायला घेतलं. नानांचा चेहरा मात्र उतरत गेला. "रोज येस? अहो, आमचा बॉयलरसुद्धा रोज चालू नसायचा. काटा हलत नाही म्हणजे काटा बिघडलाय. चला बघायला."

गेलो. दुपार कलत आली होती. केंद्राच्या ओट्यावर जमनाअक्का म्हणून एक म्हातारी बसली होती. एक पाय सुजून गुळगुळीत झालेला. सकाळी शेजारच्या पोरीने मोबाईल वाचून दाखवला, म्हणून ती पाड्यावरून त्या पायाने पाच किलोमीटर चालत आली होती. डॉक्टर दुसऱ्या केंद्रावर होते.

"तुमना मोबाईल म्हने, डॉक्टर येस," ती मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "म्हनीसन उनू. बठ्ठा दिन बसनू. कोठे शे तुमना येस?"

मी आशाताईंकडे वळलो. त्या आधीच फणकारल्या होत्या. "मी काय लबाड लिखं का? साहेब रोज फोनवर म्हनतस, येस, येस. मंग मी येस दाबं."

रावेरकडे अहिराणी बोलत नाहीत, त्यामुळे नानांना उलगडा होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भो, ह्या काय म्हणताहेत?"

माझे कान तापले. अहिराणीत 'येस' म्हणजे 'येतो'. डॉक्टर आहेत असं आशाताईंनी कधी सांगितलंच नव्हतं. येत आहेत, असं त्या सांगत होत्या, आणि डॉक्टरसाहेबांच्या फोनप्रमाणे ते खरंही होतं. जी भाषा माझी आई आहे म्हणून मी पत्रकं वाटत हिंडलो, तिचा रोजचा, साधा शब्द मला माझ्याच बटणावर दिसला नाही. मला तिथे इंग्रजी दिसलं.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. नानांनी हाताने थांबवलं. ते जमनाअक्कांसमोर खाली बसले. "अक्का, चूक आमची. तुमच्या पायांना शोधावी लागली." बाकी काही नाही. मग मला म्हणाले, "ह्यांना गाडीवर घरी सोडा. मी मागून येतो."

"नाना, मी परत येतो ना तुम्हाला न्यायला."

"चालत येतो म्हटलं."

ते आले तेव्हा चपला हातात होत्या. एक तुटली होती. अक्कांच्या दारात पाणी प्यायले, श्वास घेतला आणि म्हणाले, "आपण बाजारात पाच किलोमीटर असं लिहून घेतलं होतं. चढ लिहिला नव्हता."

दुसऱ्या दिवशी बटणं बदलली. 'शे' आणि 'नही', म्हणजे आहे आणि नाही. आशाताई अडून बसल्या की 'येस' पण ठेवा. साहेब निघालेत हेही माणसाला कळू द्या, बाकीचं तो ठरवेल. मला वाटलं नाना नाही म्हणणार. ते म्हणाले, "त्या रोज दाबणार. त्या सांगतील तेवढी ठेवा." आता तीन आहेत. अ‍ॅप बरं चाललंय. विजयाचं पत्रक मी छापलं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी नानांकडे गेलो, तर ते फोनवर होते. "आज शे, अक्का. निघा आरामात." मला नवल वाटलं. पाड्यावर आता अ‍ॅप सगळे बघतात, ती शेजारची पोर रोज वाचून दाखवते. एकच निरोप दोनदा देणं हे तर नानांच्याच हिशेबी वाया. पण फोन संपेना. नानांनी अक्कांच्या पायाची चौकशी केली, शेळी व्यायली का ते विचारलं. मग पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"हो, झालं ना जेवण," नाना म्हणाले. "मेथीची भाजी केली. भाकरी केली. दोन खाल्ल्या."

मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो. शेगडीवर चहाचं पातेलं होतं आणि ओट्यावर बिस्किटाचा उघडा पुडा. मेथीची एक काडीही त्या घरात नव्हती. चुकीच्या काट्याला कधी माफ न करणारा हा माणूस मला पाठमोरा होऊन, फोन दोन्ही हातांनी धरून, भाजीत लसूण किती घातला ते सांगत होता.

फोन ठेवून वळले आणि मी दिसलो, तेव्हा गडबडले. "रोज विचारते," म्हणाले. "रोज काय सांगायचं तिला?"

मी तसाच वळलो. घरून भाकरी घेऊन आलो.

वाचकहो, हे पत्रक नाही, पण एक मागणी करतो. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात उद्या सकाळी विचारा, डॉक्टर आज आहेत का. जे उत्तर मिळेल ते, जिला तिथवर चालत जावं लागतं अशा एका बाईला, तिच्या बोलीत कळवा. आणि निरोप देऊन झाला म्हणून लगेच फोन ठेवू नका.