पूर्वेकडे तोंड करून

"अहो, तुंगभद्रेचं पाणी पिऊन वाढलोय मी! नावाडी कशाला हवा?" असं म्हणून पंपापतीने हुलुगप्पा नावाड्याला काठावरच बसवलं आणि वल्हं स्वतः घेतलं. पाणी तो प्यायला होता, यात शंका नाही. वल्हं मात्र उभ्या जन्मात धरलं नव्हतं!

पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! सहा ठिकाणांहून नकार आलेला. ही सातवी, अंबिका, त्याला मनापासून आवडली होती. तिचे वडील शरणप्पा तिला घेऊन दावणगेऱ्याहून खास मुलगा बघायला आले होते. हंपीची देवळं झाली, मंडक्कीचे चुरमुरे आणि मिरची भजी झाली. आता पलीकडे आनेगुंदीला पोचलं की होकार पदरात, असा त्याचा बेत.

त्यांची नाव, हरिगोल, म्हणजे वेताची गोल टोपलीच. पंपापतीने जोर लावला, तशी ती जागच्या जागी गरगरायला लागली.

"हे काय हो?" शरणप्पांनी कड घट्ट पकडली.

"मामा, चारी बाजूंची देवळं दाखवतोय!"

"साहेब, वल्हं पुढून ओढा, पुढून!" काठावरून हुलुगप्पा ओरडला.

"तू गप रे!"

तेवढ्यात शरणप्पांचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि ते दचकले. चार पंचवीस! रविवार, म्हणजे साडेचारला राहुकाळ! "अरे देवा, शब्द आत्ताच द्यायला हवा! राहुकाळातला शब्द टिकत नाही."

"मग द्या ना मामा!"

"देतो की. पण पूर्वेकडे तोंड करून! पूर्व कुठाय?"

"ही बघा!" पंपापतीने बोट दाखवलं. बोट सरळ होईपर्यंत तिथे पश्चिम आली.

शरणप्पा वळले. टोपलीही वळली. "तर आमची अंबिका..." समोर दक्षिण! यमाची दिशा! त्यांनी गपकन तोंड मिटलं.

"थांबा, उलटं फिरवतो!" पंपापती म्हणाला. फिरवलं. दुप्पट वेगाने! शरणप्पांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला.

"द्या इकडे ते!" अंबिकेने वल्हं हिसकावलं, पुढे वाकून चार हात मारले आणि टोपली निमूट स्थिर झाली. "अप्पा, पूर्व समोर आहे. एकोणतीस झालेत. बोला लवकर!"

शरणप्पा ताठ बसले. हात जोडले. तोंड उघडलं. आणि शब्दाऐवजी सगळी मिरची भजी बाहेर आली!

सातवंही स्थळ गेलं म्हणून पंपापतीला रडूच यायचं बाकी होतं.

"अप्पा," अंबिकेने हळूच विचारलं, "हा होकार धरायचा की नकार?"

शरणप्पांनी तोंड पुसलं. सूर्य पाठीशी आहे ना, ते पाहिलं. घड्याळ पाहिलं. "तोंड पूर्वेकडेच होतं. राहुकाळ लागला नव्हता. होकारच की गं!"

पंपापतीला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण आधी अंगातला नवा सदरा नदीत बुचकळून काढणं भाग होतं. पूर्वेला नेमका तोच बसला होता!