जुना कप्तान कुठी गेला?

टीव्हीसमोर डोक्यावर हेल्मेट घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, रामटेके भाऊ.

भिलाईत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती. ते प्लांटात क्रेन चालवत, आमचे हे तिथेच हिशेबाच्या खात्यात. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे जायचो. तेव्हा 'तारापथ' लागायचं. अंतराळयानाची हिंदी मालिका, आता संपते मग संपते म्हणता वर्षानुवर्षं चाललेली. यानाचा कप्तान निशांत म्हणजे आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांचा मनातला जावई. सुरुवातीचं संगीत वाजलं की रामटेके भाऊ खुंटीवरचं निळं हेल्मेट काढत, पट्टा हनुवटीखाली आवळत आणि पाय जुळवून बसत.

"भाऊ, यान टीव्हीत उडतं, तुमच्या घरात नाही," मी एकदा म्हटलं.

"सेफ्टीत मजाक नाई पायजे, वहिनी."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दूधवाल्याच्या सायकलला ब्रेक नसला, कुणाचं पोर पेरूच्या झाडावर चढलं, त्यांच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, कढईत पुरी जरा उंचावरून सोडली, की हे आलंच. स्कूटर तर ते इतकी हळू चालवत की मागे बसलेल्या वहिनी वाटेत उतरून कोथिंबीर घेत आणि चालत्या स्कूटरवर पुन्हा बसत, असं आमचे हे सांगायचे. ह्यांना वाढवून सांगायची खोड आहे, पण फार वाढवलेलं नव्हतं.

त्या हेल्मेटचं मला नवल वाटायचं. रामटेके भाऊंच्या खात्याचं हेल्मेट पिवळं असे. हे निळं, एका बाजूला तडा गेलेलं, आणि त्यांच्या डोक्याला घट्ट. कुठलं म्हणून विचारलं की "जुनं हाय" म्हणत आणि टीव्हीचा आवाज वाढवत.

दोन घरं सोडून चटर्जीबाबू राहत; रविवारी तेही टीव्ही बघायला येत. ते युनियनचे. प्लांटात कुणी कामगार अपघातात गेला की शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटवर सगळे दोन मिनिटं उभे राहत. हेल्मेट काढून, मान खाली घालून. जाणाऱ्याचं नाव पुकारायचं काम चटर्जीबाबूंचं. प्लांटच्या गावात राहायचं म्हणजे हे चालायचंच. अवेळी अँब्युलन्सचा आवाज आला की आम्ही बायका हातातलं काम टाकून फाटकाशी येऊन उभ्या राहायचो. कुणी कुणाशी बोलायचं नाही. आवाज लांब गेला की आत जाऊन पुन्हा कुकर लावायचा.

तर एका रविवारी यानाचा दरवाजा सरकला आणि कप्तानाच्या गणवेशात भलताच माणूस आत आला. उंच, गोरा, भुरुभुरु केसांचा. बाकीच्यांनी उठून सलाम ठोकला, "स्वागत है, कप्तान निशांत!" कुणी दचकलं नाही की कुणी काही विचारलं नाही.

इकडे खोलीत मात्र बॉम्ब पडला. "ये तो सरासर चीटिंग है!" चटर्जीबाबू ओरडले. त्यांची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "पापा, ये वाला जादा स्मार्ट है." त्यावर तिला घरी पाठवण्यात आलं. पुढच्या आठवड्यात आमच्या सेक्टरात दोन पक्ष पडले. बसस्टॉपवर वाद, गिरणीत वाद. जुन्याचे लोक म्हणत, नव्याला बंदूक धरता येत नाही. नव्याचे लोक म्हणत, जुन्याचं पोट सुटलं होतं. माझ्या ह्यांनी तर नव्याच्या बाजूने बोलल्याबद्दल साहेबांचा रोष ओढवून घेतला.

रामटेके भाऊ कुठल्याच पक्षात नव्हते. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो ते दिसेल त्याला विचारत. "जुना कुठी गेला?"

"अहो, नवा आला म्हणजे जुना गेला," मी म्हणायची.

"तेच तं. कुठी गेला? मेला, का सुट्टीवर गेला, का काढून टाकला? नव्याचं काई चुकलं नाई. त्याले काम भेटलं, तो आला. पन बाकीचे कावून चूप हाय? कालपरेंत संगं होते ना!"

लोकांनी त्यांची टर उडवायला सुरुवात केली. पोरं फाटकावरून हाका मारत, "काका, कप्तान मिला क्या?" ते शांतपणे म्हणत, "नाई बेटा, अभी नहीं." टीव्हीवाल्यांना त्यांनी कार्डं टाकली. उत्तर कोण देणार? शेवटी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी 'तारापथ'च्या आधी जुन्या कप्तानासाठी दोन मिनिटं उभं राहायचं.

चटर्जीबाबू हसून लोळायचे बाकी राहिले. "अरे भाई, वो आदमी जिंदा है! कल ही साबुन के विज्ञापन में नहा रहा था!"

"नहानेवाला अलग हाय," रामटेके भाऊ म्हणाले. "मी कप्तानचं इचारून राहिलो."

त्या रविवारी गर्दी मावेना. सगळे मजा बघायला आले होते, मीही. रामटेके भाऊ हेल्मेट घालून टीव्हीशेजारी उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं, आणि तेवढ्यात मालिकेचं संगीत सुरू झालं. लोक धपाधप खाली बसले.

रामटेके भाऊंनी टीव्ही बंद केला.

"क्या तमाशा है!" चटर्जीबाबू आता खरंच चिडले होते. "जो सचमुच मरते हैं, हम उनके लिए खड़े होते हैं. ये मजाक की चीज नहीं है."

"मजाक कोन करून राहिलं, दादा?" रामटेके भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "माहा लहाना भाऊ होता, मनोहर. इथंच बाजूले, हथखोजच्या एका कारखान्यात, ठेक्यावर. 'तारापथ'चं येड त्याचं. कामावरचं हेल्मेट घालून बसे इथं, तुमी लोक याले लागाच्या पयले. म्हने, मी बी जातो यानात. मंग एक दिवस त्याच्या अंगावर वरून पाइप पडला."

स्वयंपाकघरात स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. सुशीलावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो गेल्यावर आमी पुण्यानुमोदन केलं. घरचे आले, गावाकडचे आले. त्याच्यासंगं काम करनारा एक नाई आला. ठेक्याच्या मानसासाठी कोनी उभं राहात नाई. मी त्याचा डबा आनाले गेलो, तं त्याच्या जागेवर दुसरा उभा. डोक्यावर हेच हेल्मेट, फुटलेलं. मी म्हनलं, इथं मनोहर होता. तो म्हने, मले माईत नाई भाऊ, मी आजच लागलो." रामटेके भाऊंनी हेल्मेटवरून हात फिरवला. "त्याचं काय चुकलं? लेकरूच होतं ते. मी माहं पिवळं त्याले देल्लं अन् हे घरी आनलं. पन बाकीचे होते ना तिथं सारे. कोनी मान वर करून पाह्यलं नाई. काल इथं होता तो कुठी गेला, असं एकानं बी म्हनलं नाई."

 इतके रविवार त्या हेल्मेटला हसत आम्ही त्यांच्याकडचा चहा प्यायलो होतो.

 चटर्जीबाबूंनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"पूरा नाम बोलिए."

"मनोहर रामटेके."

चटर्जीबाबू सरळ झाले आणि गेटवर लावतात तो आवाज त्यांनी त्या खोलीत लावला. "हमारे साथी, कामगार मनोहर रामटेके, अब हमारे बीच नहीं हैं. उनकी याद में हम दो मिनट का मौन रखेंगे."

सगळे उठले. या वेळी कुणी हसलं नाही. रामटेके भाऊंनी पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं. 'तारापथ'च्या वेळी त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होते. केस पार पिकले होते. सुशीलावहिनी पदर तोंडाशी धरून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर गेली, तेवढाच आवाज.

"बैठिए," चटर्जीबाबू म्हणाले, तरी कुणी बसेना.

मग रामटेके भाऊंनीच टीव्ही लावला. नवा कप्तान यानाच्या खुर्चीत बसून कसले तरी हुकूम देत होता. त्याच्याकडे एकवार बघून ते आमच्याकडे वळले.

"उभे कावून हाय सारे? बसा ना," ते म्हणाले. "त्याले त्याचं काम करू द्या."