आमोस सरांची सरळ रेघ

"चर आखायचा ना? अहो, बावीस वर्षं श्रीरामपूरच्या हायस्कुलात मैदानं आखली मी! माझी रेघ वाकडी दाखवा, मिशी उतरवीन!" आमोस सरांनी भर ग्रामसभेत छाती ठोकली.

साल शहाण्णव. गाव टँकरवर जगत होतं. पाणलोटाचे साहेब अट घालून गेले होते: टेकडीवर एक चर खणा, त्यात पाणी थांबलं तर योजना तुमची, नाहीतर शेजारच्या गावाची. जाताना त्यांनी एक पारदर्शक नळी दिली होती. तिच्यात पाणी भरायचं, दोन्ही टोकांची पातळी जुळवायची आणि ती जुळेल तसा, वाकडातिकडा का होईना, चर आखायचा. 'वाकडातिकडा' ऐकूनच रिटायर्ड पीटी मास्तरांचा पारा चढला! त्यांनी नळी खुंटीला टांगली, दोरी ताणली, फक्की मारली, शिट्टी फुंकली. चाळीस माणसांनी चार दिवस घाम गाळला. चर असा सरळ, की बघत राहावं!

"पन सर, पानी थांबंल ना?" सरपंच कारभारींनी विचारलं.

"आत्ता दाखवतो!"

तेवढ्यात टँकर आला. सरांनी तो थेट टेकडीवर चढवला आणि कॉक सोडायला लावला.

"आवो, प्यायचं पानी हाय त्ये!" रंगुबाई हंडा घेऊन धावली.

पाणी थांबतंय कसलं! शर्यतीत सोडल्यासारखं सुटलं ते टेकडी उतरून सरांच्याच अंगणात. तिथे त्यांच्या बायकोनं, एलिझाबेथबाईंनी, वाळत घातलेल्या कुरडया पोहू लागल्या!

"ती रेघ घाला चुलीत!" बाई कडाडल्या.

दोन दिवस गावाला पाणी नाही. सरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. शेवटी रंगुबाईनंच खुंटीवरची नळी काढली.

"सर, पानी कुठं थांबतंय ते पान्यालाच इचारा की!"

एक टोक तिनं धरलं, एक सरांनी. जुन्या चराच्या वरच्या अंगाला नवी रेघ निघाली. ती अशी काही वळत गेली, की सरांनी डोळे मिटून फक्की टाकली. पण खणायला पहिली कुदळ त्यांचीच पडली.

आठ दिवसांनी साहेब आले आणि त्यांच्यासमोरच वळीव कोसळला. नवा चर काठोकाठ भरला, आणि पाणी जागचं हललं नाही! कारभारींनी टोपी उडवली, रंगुबाईनं चिखलात फुगडी घातली, सर तर चक्क रडले. योजना मंजूर!

"आणि ही खालची सरळ रेघ कसली?" साहेबांनी विचारलं.

सर पुढे झाले. "मुद्दाम ठेवलीय साहेब. चर कसा खणू नये, ते दाखवायला!"

साहेब खूश! तीन वर्षांत टँकर बंद झाला, विहिरींना पाणी आलं. लांबलांबची गावं टेम्पो भरभरून बघायला येऊ लागली. वरचा चर रंगुबाई दाखवते. खालचा दाखवायचं काम साहेबांनी सरांनाच दिलंय. दर रविवारी चर्चमधून आले, की सर शिट्टी घेऊन तिथे उभे राहतात.

"कोन्या येड्यानं खनलाय वो ह्यो?" कुणी ना कुणी विचारतंच.

"होता एक पीटीचा मास्तर," सर म्हणतात, "रिटायर झाला आता!"