एडविनचं पान

निकमकाकांच्या कपाटात एका इंग्रज कवीची जन्मपत्रिका आहे. कवी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यातला, म्हणजे जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, पण पत्रिका गेल्या चैत्रात केलेली. जन्मवेळ कुणालाच माहीत नव्हती. नाशिक रोडच्या ज्योतिषीबुवांनी ती पहाटेची धरली, का, तर म्हणे कवी माणूस दुपारी जन्मत नाही. पत्रिकेत शनी असा काही ठाण मांडून बसलाय की बिचाऱ्याचं लग्न जमणं शक्यच नव्हतं. "आणि जमलंच नाय, ताई," काका मला जिन्यात गाठून सांगायला लागले. चेहरा असा, की जणू स्वतःच्या पोराचं जमलंय.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. माझ्याकडे लोक पाण्याची टाकी, पार्किंग आणि वरच्यांच्या मिक्सरचा आवाज घेऊन येतात. एकटे काका एडविन ब्रॅम्बलकोटला घेऊन येतात.

हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. इंग्लंडातही कुणी ऐकलेलं नाही. त्यानं दोन बारकी पुस्तकं लिहिली, दोन्हींत मेंढरं आणि पाऊस, मग खोकला झाला आणि तो गेला. एवढं चरित्र मला तोंडपाठ आहे, आणि यात माझा काडीचाही दोष नाही.

आता काका म्हणजे कुणी इंग्रजीचे प्राध्यापक असतील असं वाटलं असेल, तर तसं नाही. सायखेड्याला त्यांचं फवारणीच्या पंपांचं दुकान होतं. इंग्रजीच्या प्राध्यापिका त्यांची बायको. निकम मॅडम. कॉलेजात मॅडम, भाजीवाल्याकडे मॅडम, आणि नवऱ्याच्या तोंडीही मॅडमच. "मॅडम, गॅस बंद केला का?" असं हा माणूस घरातल्या घरात विचारायचा. एडविन मूळचा मॅडमचा. त्याच्यावर त्यांचं पीएचडीचं काम चाललं होतं, अर्धं झालं होतं, आणि मग आजारपण आलं.

मॅडम हुशार, फटकळ, आणि मला फार आवडायच्या. एकच खोड होती. कोजागरीला नाही तर गणपतीत सोसायटीचं जेवण असलं की मी ताट वाढायला घ्यायची, आणि त्या हात आडवा करायच्या. "मला वेगळं नको गं." मग काकांना खेटून बसायच्या आणि त्यांच्याच ताटातली अर्धी भाकरी फस्त करायच्या. तीही कडेची, करपलेली. वर लसणाचा ठेचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला मेलीला ते बघवायचं नाही. काका मात्र मुकाट्यानं दुप्पट वाढून घ्यायचे.

देवधर्म त्या मानत नव्हत्या. शेवटच्या आजारात त्यांनी माझ्यादेखत काकांकडून शब्द घेतला. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, दहावं-तेरावं करायचं नाही, आणि आपल्या नावानं कधी पान ठेवायचं नाही. काका नुसते मान हलवत होते. मॅडम म्हणाल्या, तोंडानं म्हणा. मग ते तोंडानं म्हणाले.

मॅडम गेल्यावर काकांनी शब्द पाळला. सायखेड्याची भावकी भडकली. चुलतभावांनी येऊन वहिनीच्या आत्म्याचं काय होणार याबद्दल बरंच ऐकवलं, आमच्या घरापर्यंत आवाज येत होता. काकांनी सगळ्यांना चहा दिला. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी एडविनला हाती घेतलं.

काकांची एक पद्धत आहे. काहीही विचारा, थोडा वेळ छताकडे बघतात आणि म्हणतात, "ती संशोधनाची बाब हाय." एडविनला पहिल्या पुस्तकाचे पैसे मिळाले का, ती संशोधनाची बाब. टँकर का आला नाही, तीही. माझी डावी चप्पल देवळाबाहेरून कुणी नेली, हे मी वैतागून बोलले, तर त्यावरही हेच.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे एडविनचं पित्त. झालं असं, की डिक्शनरी घेऊन एकेक कविता लावताना त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस सारखा छातीत आग पेटली म्हणतो. मॅडमनी त्या ओळींच्या समासात प्रेम, विरह, श्रद्धेचा संघर्ष असं काहीबाही लिहून ठेवलं होतं. काकांनी ते आदरानं वाचलं आणि मग आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. छातीत आग, झोप नाही, पहाटे जास्त, असं सगळं सांगितलं. डॉक्टरांना वाटलं हे स्वतःबद्दल बोलतायत. त्यांनी तिखट बंद करून गोळ्या लिहून दिल्या. काकांनी ती चिठ्ठी पुरावा म्हणून एडविनच्या फायलीत लावली. तेव्हापासून काका त्याच्याबद्दल हळहळत असतात. "तिखटाचं बोट जरी लागलं असतं ना, ताई, तरी गडी आडवा झाला असता." इंग्लंडात त्याला तिखटाचं बोट लावणार कोण होतं, हे मी विचारलं. काय उत्तर आलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

मग त्यांनी ईमेल करून कुठल्याशा खेड्यातल्या चर्चचा पाद्री गाठला. त्यानं बिचाऱ्यानं एडविनच्या कबरीचा फोटो पाठवला. दगडावर हे एवढं शेवाळ. दुसऱ्या कुणी आभार मानून विषय संपवला असता. काकांनी मोरचुदाचं प्रमाण, नोझल कोणतं आणि फवारा कुठल्या बाजूनं मारायचा, हे आकृती काढून कळवलं. पाद्रीबाबांचं उत्तर सभ्य होतं, पण त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं नाही.

इथवर मी हसून सोडून देत होते. एकटा माणूस, घरात कुणी नाही, वेळ जातोय, जाऊ दे. पण गेल्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला काकांनी सोसायटीच्या गच्चीवर एडविनचं पान ठेवलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गडी बिनलग्नाचा गेला, मागं कुणी नाही, मग त्याचं कुणी करायचं? त्यांनी पंचवटीतल्या गुरुजींना फोनही लावला होता. गुरुजींनी गोत्र विचारलं. काका म्हणाले, प्रोटेस्टंट. गुरुजी अनुभवी, त्यांनी काश्यप धरायला सांगितलं. मग नातं विचारलं, तर काका म्हणाले, बायकोकडून.

सगळी सोसायटी हसली, आणि त्या हसण्यात मीच पुढे होते. जिनं श्राद्ध नको म्हणून बजावलं, तिचा नवरा तिच्याच कवीचं श्राद्ध घालतोय, याहून मोठा वेडेपणा कोणता? पण भानगड तिथं संपली नाही. कावळे आले आणि जेवण झाल्यावर नव्या कोऱ्या सोलर पॅनलवर बसून त्यांनी काय ते करून ठेवलं. तक्रारी मला. म्हणून यंदा पितृपक्ष लागायच्या आधीच मी गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या देवघरात ठेवली.

अमावस्येला दुपारी काका दारात उभे. हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट, कपाळाला घाम. किल्ली मागितली. मी पॅनल, ठराव, कमिटी, सगळं ऐकवलं. एरवी हा माणूस मान हलवून जातो. आज हलेना. खाली झाडाखाली ठेवा म्हटलं, तर म्हणे तिथं कुत्री येतात. नदीवर जा म्हटलं, तर म्हणे तिथं आज हजार पानं, त्यात आपलं कसं सापडायचं.

"कुणाला सापडायचं?" मी विचारलं.

ते छताकडे बघू लागले. मी किल्ली घेतली आणि म्हटलं, चला, मी येते वर, पाच मिनिटं, आणि पॅनलवर एक जरी कावळा बसला तरी तुम्ही पुसायचं. ते आधीच जिना चढायला लागले होते.

वर त्यांनी कठड्याजवळची जागा हातानं झाडली आणि पान मांडलं. एका बाजूला ब्रेडचे दोन तुकडे, लोणी, मीठ न घातलेला उकडलेला बटाटा. एडविनचं पथ्य. ते मला अपेक्षित होतं. दुसऱ्या बाजूला कांदा फोडून ठेवलेला. त्याच्याजवळ अर्धी भाकरी, कडेला काळी करपलेली. तिच्यावर लसणाचा ठेचा.

माझी सेक्रेटरीगिरी अजून उतरली नव्हती. मी म्हटलं, "काका, श्राद्धाच्या पानात कांदा-लसूण? आणि तुमच्या एडविनला पित्त ना? मग हा ठेचा त्याला कशाला?"

बोलता बोलताच मला कळलं, आणि वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

काका पान सरळ करत राहिले. सरळच होतं ते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी शब्द मोडला नाय, ताई. पान एडविनचंच हाय. मॅडमला वेगळं ठेवलेलं नाय." ठेच्यावरची माशी हातानं हाकलली. "आता तिला सवयच दुसऱ्याच्या ताटातलं खायची. त्याला मी काय करणार?"

त्या अर्ध्या भाकरीसाठी हा माणूस दोन-तीन वर्षं एका परक्या कवीचं पित्त, पत्रिका आणि शेवाळ सांभाळत बसला होता, आणि आम्ही खाली हसत होतो.

आम्ही उभे राहिलो. कावळा येईना. ऊन चांगलंच तापलं होतं. काका सारखे आभाळाकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले. सोलरला भिऊन येत नसतील का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी खाली गेले, माझ्या दोन जुन्या चादरी आणल्या आणि पॅनल झाकून टाकले. कमिटीला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

मग एक आला. कठड्यावर बसला, मान तिरकी करून आम्हा दोघांना न्याहाळलं. पानाजवळ उतरला, ब्रेडला चोच लावली आणि सोडून दिलं. बटाट्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरीचा करपलेला तुकडा ठेच्यासकट उचलला.

काकांनी पाण्याची वाटी बोटानं पुढे सरकवली. "सावकाश," ते म्हणाले. "ठसका लागंल."

हे ते कुणाला म्हणाले, मी विचारलं नाही. ती संशोधनाची बाब आहे.